दोन शेपट्यांची पाटी

घरून,
ता. ६ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

टिल्ली परवा दुपारी सुखरूप पोचली. पेटी आली, दप्तर आलं, तू विणलेला स्वेटरही आला. छत्री तेवढी बसमध्ये राहिली. पोरीची उंची वाढली आहे आणि जीभही. तू तिला वर्षभर घरी ठेवून घेतलंस, आपल्या शाळेत, आपल्याच वर्गात बसवलंस, याची मला जाणीव आहे. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढचं वाचून तू म्हणशील की भाऊ कृतघ्न निघाला.

काल जेवताना टिल्लीने तुझी नक्कल करून दाखवली. चष्मा नाकावर ओढून, खडू हवेत धरून. कुठेतरी एक अडाणी पेंटर होता, त्याने मुलींच्या शाळेची इंग्रजी पाटी रंगवली, आणि ती वरची लोंबती खूण, अॅपॉस्ट्रॉफी, 'गर्ल्स'मधल्या एसच्या पुढे लावायची ती अलीकडे लावली. झालं, अख्खी शाळा एकाच मुलीची झाली. एवढे बाक, एवढ्या बाई, एवढी मोठी घंटा, सगळं एकटीसाठी. घंटा तीच वाजवते आणि उशिराही तीच येते. टिल्लीची आई हसून हसून बेजार. तिची चूक नाही, ती या घरात आली तेव्हा ते प्रकरण कधीच झाकलं गेलं होतं. बाबांना ऐकू कमी येतं, म्हणून टिल्लीने त्यांच्या कानाशी जाऊन गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली.

बाबा हसले. गोष्ट छान आहे म्हणाले. मग अर्ध्या जेवणावरून उठले, हात धुतले आणि मागच्या कामाच्या खोलीत जाऊन बसले. तिथे वर्षानुवर्षं न लागलेले ब्रश काढून एकेक धूत होते. 

तेव्हा मी चार वर्षांचा होतो. एवढंच आठवतं, की एक मोठी पाटी गेली आणि परत आली, आणि बाबांनी तिचं तोंड भिंतीकडे करून तिची फळी केली. त्यांनी ते दुःख कधी कुणापुढे काढलं नाही. तू मात्र ते दरवर्षी चाळीस पोरींना वाटतेस?

फोन केला असता, पण आवाज चढला असता. हे पत्र नेहमीप्रमाणे लाल शाईने सुधारून परत पाठवू नकोस.

लोभ जागच्या जागी आहे, सध्या त्याच्यावर राग बसला आहे एवढंच.

तुझा,
ढब्बू


ता. ११ मे

चि. ढब्बूस,
अनेक उ. आशीर्वाद.

पत्र मिळालं. लाल पेन ड्रॉवरमध्येच ठेवलं, तरी 'कृतघ्न' तू बरोबर लिहिलास हे पाहून बरं वाटलं.

झाल्या गोष्टीचं मलाही वाईट वाटलं. पण माझीही बाजू जरा ऐक. सहावीच्या मुली ही खूण मीठ भुरभुरावं तशी टाकतात. एस दिसला की टाक. 'टोमॅटोज'वर टाकतात, 'बसेस'वर टाकतात, एकीने तर 'येस'वरसुद्धा टाकली. नियम फळ्यावर दहा वेळा लिहिला तरी दुसऱ्या दिवशी विसरतात, गोष्ट मात्र विसरत नाहीत. ती पाटीची गोष्ट ऐकल्यावर एका मुलीची वस्तू आणि अनेक मुलींची वस्तू यांत माझ्या वर्गातली मुलगी सहसा चुकत नाही. तपासणीला आलेल्या साहेबांनीही कौतुक केलं होतं. मी कधी नाव घेतलं नाही, गाव सांगितलं नाही. पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट, कोण कशाला मनाला लावून घेईल?

बाबा वयामुळे हळवे झाले आहेत. तू असं कर, त्यांना सांग की ती गोष्ट दुसऱ्याच कुणा पेंटरची आहे. मी कुठेतरी वाचली होती म्हण. त्यांचं समाधान होईल आणि विषय मिटेल.

सोबत त्यांच्यासाठी डोळ्यांचे थेंब आणि मऊ चपला पाठवते आहे. शाळा पंधरा जूनला सुरू होईल. टिल्लीला दोन दिवस आधी पाठव म्हणजे पुस्तकांना कव्हरं घालून होतील.

रागाला फार दिवस बसू देऊ नकोस, लोभाला अवघडल्यासारखं होतं.

तुझी,
ताई

ता. क. बाबा जेवतात ना?


घरून,
ता. १६ मे

ती. ताईस,
सा. न.

तुझ्या अख्ख्या पत्रात ता. क. तेवढं खरं वाटलं. जेवतात, पण कमी. चपला एक नंबर मोठ्या झाल्या, तरी घालतात आणि फटक फटक करत फिरतात.

दुसऱ्या पेंटरची गोष्ट म्हणून सांगायला मी जाणार नाही. खोटं बोलायचंच असेल तर स्वतः येऊन बोल, मला टपालाने कामाला लावू नकोस.

टिल्लीला मी खरं सांगितलं. आधी रडली. मग बाबांच्या खोलीत जाऊन बसली, ती आता तिथून हलत नाही. मला म्हणाली की ती तुझ्या वर्गात परत जाणार नाही, इथल्याच शाळेत बसेल. इथे इंग्रजी कसं शिकवतात ते तुला माहीत आहे. पोरीचं नुकसान मला दिसतंय, पण तिला ओढत नेऊन बसमध्ये बसवायला माझं मन घेत नाही. आत्याने आजोबांना अडाणी म्हटलं, हे तिच्या डोक्यात बसलं आहे.

आणखी एक. परवा बाबांनी त्या फळीवरचे रंगाचे डबे स्वतः खाली उतरवले आणि मला फळी उलटी करायला लावली. ताई, काय अक्षरं आहेत ती! ओळंबा लावून घ्यावीत अशी. खालचा पांढरा मात्र पिवळट पडला आहे, आणि त्या पिवळ्यात, एसच्या पुढे, त्या खुणेची दुसरी एक शेपटी वर आली आहे. पुसट, ओल्या बोटाचा डाग असावा तशी. बाबा नेहमी म्हणतात ना, रंग म्हातारा झाला की खालचं वर येतं. म्हणजे आधी त्यांनी ती बरोबर जागी काढली होती. मग पुसली. मग चुकीच्या जागी काढली.

हे मला समजत नाही. बाबा कसं काम करतात ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. गिऱ्हाइकाच्या कागदावर चौकोन आखायचे, पाटीवर चौकोन आखायचे, आणि घर मोजून रेघ उचलायची. त्यांच्या लेखी ते अक्षर असो नाहीतर वेल असो, कागद सोडून केसभर हलत नाहीत. असा माणूस बरोबर काढलेलं पुसून चूक कशी करेल? मी कानात ओरडून विचारलं. म्हणाले, आता डोळ्यांना इतकं बारीक दिसत नाही. त्यांना चांगलं दिसत होतं.

तेव्हा मी पुट्टी खाण्याच्या वयाचा होतो. तू त्या खोलीत होतीस. काय झालं ते सांग.

उत्तराची वाट पाहतो. बाकी काही मागत नाही.

ढब्बू


ता. २४ मे

चि. ढब्बूस,
आशीर्वाद.

तीन पत्रं लिहून फाडली. हे फाडणार नाही.

त्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा बाबा स्टुलावर बसून पाटीकडे पाहत होते. नुकतीच पुरी झाली होती, रंग ओला होता. शेपटी होती तिथेच होती, एसच्या पुढे. बरोबर. मला त्याच आठवड्यात बाईंनी शिकवलं होतं, की वस्तू कुणाची हे दाखवायचं तर आधी शेपटी आणि मग एस. धडा तिथे अर्धा राहिला होता. मालक पुष्कळ असले आणि एस आधीच लागलेला असला की शेपटी त्याच्या पलीकडे जाते, हे सोमवारी शिकवायचं होतं. पण मी अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाले होते. मी बाबांना सांगितलं की पाटी चुकली.

त्यांनी मला कागद दाखवला. शाळेच्या मोठ्या बाईंच्या हातचा होता, तिथे शेपटी पलीकडेच होती. मी म्हणाले, मोठ्या बाईंनी घाईत लिहिलं असेल, मला नियम येतो. बाबांनी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मग टर्पेंटाइनचं फडकं घेऊन ती शेपटी पुसली, वर पांढरा हात मारला, तो वाळू दिला, आणि बारीक ब्रश माझ्या हातात देऊन म्हणाले की तूच काढ. ती चूक माझ्या हातची आहे, ढब्बू. त्यांची एकही रेघ चुकलेली नाही.

पाटी पोचवायला मीही गेले होते, रंगाचा छोटा डबा धरून. मोठ्या बाईंनी चष्मा लावला आणि हसल्या. इतर बाईंना बोलावून दाखवलं. शाळेत एकच मुलगी आहे का, असं विचारलं. होय, वर्गात मी सांगते तो विनोद त्यांचाच, मी तो चोरला. मग कागद काढून बाबांच्या पुढे धरला आणि विचारलं, की इंग्रजी वाचता येत नाही ते ठीक, पण बघून काढताही येत नाही का. बाबा म्हणाले, हात चुकला. मी त्यांच्या अर्धं पाऊल मागे उभी होते. त्यांनी एकदाही माझ्याकडे वळून पाहिलं नाही, दुसऱ्या कुणी पाहू नये म्हणून. मी एक वाक्य बोलले असते तर पुरे होतं. मी डब्याच्या झाकणावरचा वाळलेला रंग नखाने काढत राहिले.

परत येताना पाटी त्यांच्या खांद्यावर होती, आणि ते मला उद्या कुठले तास आहेत ते विचारत होते.

सोमवारी उरलेला धडा झाला. मला वर्गातच कळलं. आज सांगायचंच असं ठरवून घरी आले, तर बाबा त्या पाटीला फळी म्हणून खिळे ठोकत होते. म्हटलं, उद्या सांगू. त्या उद्याला पस्तीस वर्षं झाली. त्यानंतर त्यांनी इंग्रजी पाटीला हात लावला नाही. घरांचे नंबर काढले, टपालपेट्या रंगवल्या, 'कुत्र्यापासून सावध' लिहिलं. अंकांना शेपटी नसते, असं ते म्हणायचे आणि लोक हसायचे. मी खोलीत बसून इंग्रजीचा अभ्यास करायचे. पहिली यायचे.

ती तरी लहानपणची चूक होती. पुढची मात्र नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी वर्ग काही केल्या ऐकेना, तेव्हा ती गोष्ट तोंडातून गेली, आणि 'अडाणी पेंटर' हे शब्दही तिच्याबरोबर गेले. मुली खळाळून हसल्या. त्या पाटीच्या बाबतीत मी पहिल्यांदाच हसणाऱ्यांच्या बाजूला उभी होते, आणि मला ते आवडलं. म्हणून दुसऱ्या वर्षीही सांगितली. असं बावीस वर्षं. गोष्ट सांगताना एकदाही माझी जीभ अडखळली नाही, याची मला आता लाज वाटते आहे.

तुला मी खोटं बोलायला सांगितलं, त्याचीही वाटते आहे.

हे पत्र बाबांना दे. त्यांनाच लिहायला हवं होतं, पण 'ती. बाबांस' एवढं लिहून हात थांबतो. टिल्लीवर जबरदस्ती करू नकोस. ती माझ्या वर्गात बसायला तयार नाही, यात तिचं काही चुकलेलं नाही.

लोभ ठेव असं कोणत्या तोंडाने म्हणू? जमेल तेवढा ठेव.

ताई


घरून,
ता. ३१ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र बाबांना दिलं. दोन दिवस भिंग घेऊन वाचत होते, ओळीखाली पट्टी ठेवून.  मग टिल्लीला समोर बसवून ती शेपटी नक्की काय काम करते ते विचारत होते, आणि ती बाईंच्या थाटात शिकवत होती. तुझ्याच थाटात, चष्मा नाकावर.

मला तुझ्यावर पुष्कळ रागवायचं होतं. आता त्या रागाचं काय करावं कळत नाही. अकरा वर्षांच्या पोरीवर रागावता येत नाही, आणि मोठ्या बहिणीवर रागावलो तर तीच आधी रडून बसलेली.

बाबा तुला वेगळं लिहीत आहेत. पाकिटाला मला हात लावू देत नाहीत. पत्ताही स्वतः काढला आहे, चौकोन आखून.

तब्येतीला जप. लोभाची काळजी करू नकोस, तो सांभाळायला मी आहे.

तुझा,
ढब्बू


ता. १ जून

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र भिंगातून वाचलं. त्यामुळे चूक आहे त्याहून मोठी दिसली असेल, असं समजून चालतो.

तू लिहिलंस ते सगळं मला माहीत होतं. कागद माझ्या हातात होता. शेपटी पलीकडे आहे हे मला दिसत होतं, तेवढ्यासाठी इंग्रजी वाचता यावं लागत नाही. मोठ्या बाई कधी घाईत लिहीत नसत हेही ठाऊक होतं. पण तू स्टुलाशी उभी राहून मला पहिल्यांदा काहीतरी ठामपणे सांगत होतीस. घरात कुणाला न येणारी गोष्ट तुला येत होती. मला वाटलं, पाटी काय, पुन्हा रंगवता येईल. तुला त्या वेळी गप्प केलं असतं तर तू पुन्हा तशी बोलली असतीस की नाही, काय सांगावं? म्हणून पुसली. पुसणारा हात माझा होता. तेव्हा ती चूक सगळी स्वतःकडे घेऊ नकोस. अर्धी माझी आहे, ती माझ्याकडे राहू दे.

तू तिथे बोलली नाहीस याचं मला तेव्हा वाईट वाटलं नव्हतं. खोटं कशाला लिहू, थोडं वाटलं. पण तू लहान होतीस. पुढे वाट पाहिली. मग वाट पाहायची सवय गेली.

इंग्रजी पाट्या सोडल्या त्या लोकांमुळे नाही. सोडल्या, कारण कागद आणि लेक यांत पुन्हा निवडायची वेळ आली असती तर मी पुन्हा तेच केलं असतं, आणि गिऱ्हाइकाचं नुकसान झालं असतं. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

अडाणी म्हणालीस त्याचाही राग नाही. आहेच मी. जेवताना घास उतरला नाही तो दुसऱ्या कारणाने. टिल्ली म्हणाली, कुठेतरी एक पेंटर होता. बावीस वर्षं तू माझी गोष्ट सांगितलीस आणि मी त्यात कुणाचा कोणी नव्हतो.

मी टिल्लीला विचारलं, ती शेपटी लावून काय होतं. ती म्हणाली, वस्तू कुणाची ते कळतं. मग मी म्हटलं, तुझी आत्या जन्मभर हेच शिकवते आहे, आणि माझ्या नावाला तेवढी लावायची राहिली.

गोष्ट सांगायला माझी ना नाही. मुली हसू देत. हसत शिकतात ते टिकतं. फक्त पेंटर कुणाचा होता ते सांगत जा.

पाटी ढब्बूबरोबर पाठवतो आहे. ओल्या फडक्याने पुसली आहे, दुसरं काही केलेलं नाही. तू पण करू नकोस. दोन्ही शेपट्या राहू देत. टिल्ली येणार आहे. मी जा म्हटलं नाही, ती आपणहून म्हणाली. मात्र तू काय सांगतेस ते ऐकून ठरवीन, असंही म्हणाली. तिला घाबरून राहा.

चपला मोठ्या आहेत पण छान आहेत.

माया होती तशीच आहे, भिंगाशिवाय दिसावी एवढी.

तुझे,
बाबा


ता. १६ जून

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

ढब्बूने पाटी काल वर्गात आणून टेकवली आणि कपाळाचा घाम पुसत परत गेला. ती दाराएवढी लांब आहे हे मी विसरले होते. तुम्ही ती एकट्याने खांद्यावरून आणली होतीत.

आज पहिला तास माझा होता, गेल्या वर्षीच्याच मुलींचा वर्ग, आता सातवीत. टिल्ली शेवटच्या बाकावर, हाताची घडी घालून. मी तीच गोष्ट पुन्हा सुरू केली.  माझे वडील पेंटर आहेत, ही त्यांनी काढलेली अक्षरं, आणि ही मधली खूण मी काढलेली, असं सांगितलं. पुसलेल्या शेपटीवर बोट ठेवून ती त्यांची, बरोबर होती, हेही सांगितलं. मोठ्या बाईंपुढे मी गप्प राहिले तेही सांगितलं. एका मुलीच्या शाळेचा विनोद आला तेव्हा दोघीतिघी हसल्या, पण माझ्याकडे पाहून थांबल्या. हसा म्हटलं, वडिलांची परवानगी आहे.

मग पुढच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर करून विचारलं, की तुम्ही माफी मागितलीत तेव्हा वडील काय म्हणाले.

बाबा, मला उत्तर देता आलं नाही. ढब्बूला मी चार पानं लिहिली. त्यांत काय झालं ते होतं, का झालं ते होतं, मला किती लाज वाटते तेही होतं. तो शब्द मी तुम्हाला कधी लिहिलाच नव्हता. पस्तीस वर्षांपूर्वी नाही आणि गेल्या महिन्यातही नाही. तुम्ही अर्धी चूक स्वतःकडे ठेवून घेतलीत, आणि मी ती तुमच्याकडे राहू दिली, पुन्हा एकदा काही न बोलता.

त्या मुलीला मी सांगितलं की आज मागणार आहे, उद्या विचार. तास संपल्यावर टिल्ली माझ्या टेबलाशी आली, टपालाचं पाकीट ठेवलं आणि गेली. त्यावर तुमचा पत्ता तिने आधीच घातला होता.

बाबा, माझं चुकलं. मला माफ करा.

पुढे काय लिहायचं ते सुचत नाही. एरवी या ठिकाणी लोभ मागायचा असतो. तो तुम्ही न मागता पस्तीस वर्षं दिलात, आणि मी कुणाकडून मिळाला ते सांगितलं नाही. आता दरवर्षी सांगेन.

तुमची मुलगी